बसू नये

नाटकाचा दुसरा अंक समीक्षकानं बघायची गरज नसते, असं गोपाळराव होटगीकरांचं ठाम मत होतं. तशी त्यांची सगळीच मतं ठाम. पण हे मत त्यांनी वीसेक वर्षं पाळलं होतं, आणि पाळलेल्या मताची गोष्ट वेगळी असते.

"शितावरून भाताची परीक्षा," ते म्हणायचे. "पहिला अंक हे शीत. त्यासाठी अख्खं पातेलं संपवायचं काय कारण?"

"पण जेवायला बसल्यावर तुम्ही पातेलंच संपवता की," असं त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई म्हणायच्या. त्याकडं गोपाळराव लक्ष द्यायचे नाहीत. शकुंतलाबाई समीक्षक नव्हत्या.

गोपाळराव मात्र होते, आणि नुसते हौशी नव्हे, पगारी होते. 'दैनिक सीनातीर'मधलं त्यांचं 'पहिल्या रांगेतून' हे सदर सोलापुरात चहाबरोबर वाचलं जायचं. पहिल्या रांगेत बसायचं, पहिला अंक बघायचा, मध्यंतराला उठायचं, सात रस्ता चौकात गरम भजी खायची आणि घरी यायचं, ही त्यांची पद्धत. दुसऱ्या दिवशी परीक्षण छापून यायचं आणि त्याचा शेवट गावातल्या शाळकरी पोरांनाही पाठ होता: 'मात्र दुसऱ्या अंकात नाटक ढेपाळतं.'

एकदा त्यांनी हे वाक्य एका एकांकिकेबद्दलही लिहिलं. नाटकवाले चिडून दारात आले. म्हणाले, "अहो, याला दुसरा अंकच नाही."

"मग याहून जास्त ढेपाळायचं काय राहिलं?" गोपाळराव म्हणाले, आणि नाटकवाले चहा पिऊन परत गेले. माणूस चुकला तरी आवाज चुकू द्यायचा नाही, ही कला त्यांना उत्तम साधली होती.

आता यात कुणाचं काही बिघडलं नसतं. पण गोपाळरावांना श्रावणी नावाची मुलगी होती. दिवसा बँकेत काउंटरवर बसायची आणि संध्याकाळी चौपाड नाट्यमंडळीत तालमीला जायची. तिचं नशीब असं, की कुठलंही नाटक घ्या, तिची एन्ट्री मध्यंतरानंतर. एका नाटकात ती डॉक्टर होती, तर पेशंट पहिल्या अंकाच्या शेवटी आजारी पडला. एकात साक्षीदार होती, तर खटला दुसऱ्या अंकात उभा राहिला. तिचं काम अख्ख्या सोलापूरनं बघितलं होतं. बापानं तेवढं बघितलं नव्हतं.

"अप्पा," ती एकदा म्हणाली होती, "दुसऱ्या अंकात मीच असते. म्हणजे ढेपाळते ती मीच ना?"

"असं व्यक्तिगत घ्यायचं नसतं. ती समीक्षेची भाषा आहे."

श्रावणी पिशवी उचलून तालमीला निघून गेली होती. ती अशी निघून गेली की शकुंतलाबाईंना भांडी जोरात आपटावीशी वाटायची आणि त्या आपटायच्या.

तर परवा चौपाड मंडळीचं नवं नाटक होतं, 'पाण्याची पाळी'. नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या सोलापुरात हे नाव ठेवलं की अर्धं नाटक समजावून सांगावं लागत नाही. सकाळी डबा भरता भरता श्रावणी म्हणाली, "अप्पा, या वेळी तरी शेवटपर्यंत बसा. एवढंच मागते."

"बघू," गोपाळराव म्हणाले.

"बघू म्हणजे नाही," शकुंतलाबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून हा शब्द ऐकतेय मी."

आणि शकुंतलाबाईंचं खरं होतं. कारण दुपारी वामकुक्षी झाल्यावर गोपाळरावांनी 'पाण्याची पाळी'चं परीक्षण लिहूनसुद्धा टाकलं. निमंत्रणपत्रिकेवर नाटकाचं नाव होतं, लेखकाचं नाव होतं, एक फोटो होता. अनुभवी माणसाला आणखी काय लागतं? 'विषय जिव्हाळ्याचा, मांडणी नेटकी, मात्र दुसऱ्या अंकात नाटक ढेपाळतं.' हे त्यांनी मोबाइलवरून 'सीनातीर'च्या दिपककडं पाठवून दिलं. पान लावायचं काम दिपकचं. दोघांचा नियम जुना होता: मध्यंतराला गोपाळरावांचा फोन येऊन काही बदल सांगितला तर बदलायचं, फोन आला नाही तर आहे तसं सोडायचं. आजवर असा फोन कधी गेला नव्हता.

नाट्यगृहाची तारीख मिळाली नव्हती, म्हणून प्रयोग अक्कलकोट रोडवरच्या एका मंगल कार्यालयात होता. जिथं अक्षता पडतात त्या स्टेजवर पडदा बांधलेला, खाली लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा. गोपाळराव कडक इस्त्रीची क्रीम कलरची नवी पॅन्ट घालून रुबाबात आत आले. पहिल्या रांगेत मधोमध एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर 'राखीव' असा कागद चिकटवलेला होता. त्या खुर्चीचा एक पाय वाकडा होता. गोपाळरावांनी तिच्याकडं बघितलं आणि त्यांना वाईट वाटलं.

मग त्यांची नजर रांगेच्या टोकाला गेली. भिंतीवरच्या पंख्याखाली नवरदेवाची खुर्ची ठेवलेली होती. हातांवर सोनेरी सिंह, डोक्यावर मोराची महिरप, पाठ पुरुषभर उंच. हाताला सुतळीनं एक पुठ्ठ्याची पाटी अडकवलेली. गोपाळराव एका क्षणात समजून चुकले. ती प्लॅस्टिकची खुर्ची एखाद्या नगरसेवकासाठी असणार. ही त्यांची.

पाटी वाचायला खिशातून चष्मा काढावा लागला असता. पण पाटीवर काय असणार हे त्यांना ठाऊक होतं. समीक्षकाच्या खुर्चीवर वीस वर्षं एकच शब्द असतो. उशिरा का होईना, सोलापूरला आपली किंमत कळली, असं म्हणत त्यांनी ती पाटी उचलली आणि मागच्या लोकांनाही कळावं म्हणून खुर्चीच्या पाठीवर, मोराच्या मानेला, सरळ करून टांगली. मग ते बसले. खालून जरा गार लागलं. मंडळीनं गारव्याचीही सोय केलीय असं त्यांना वाटलं आणि ते खूश झाले.

आता खरा प्रकार असा होता. लग्नसराई तोंडावर आलेली, म्हणून कार्यालयाचा सिद्राम त्या खुर्चीला नवी मखमल लावत होता. जुनी गादी काढून टाकली होती आणि उघड्या फळीला सोल्युशन फासलं होतं. चपला आणि पंक्चर ज्यानं चिकटवतात तेच. ते आधी थोडं वाळू द्यायचं असतं, मग वरून जे दाबाल ते जन्माचं बसतं. ते वाळेपर्यंत कुणी टेकू नये म्हणून सिद्रामनं पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'बसू नये'. आणि तो मखमल कापायला मागं गेला होता.

तो खांद्यावर लाल मखमल टाकून परत आला तेव्हा पडदा उघडला होता आणि नळाच्या रांगेत भांडण लागलं होतं. सिद्रामच्या तोंडचं पाणी पळालं. तो वाकत वाकत खुर्चीपाशी आला.

"सायेब, जरा उठता का?"

"मध्यंतराला उठणारच आहे," गोपाळराव समोर बघत म्हणाले.

"तवर उशीर होईल की ओ. जेवढं बसाल तेवढं घट्ट धरतंय ते."

गोपाळरावांनी भुवया उंचावल्या. नाटकवाल्यांनी आता समीक्षकाच्या कानाशी स्तुती करायला माणसं ठेवली होती तर.

"घट्ट धरतं की सैल सोडतं, ते मी ठरवीन."

"तुमी कसं ठरवणार? एकदा धरलं की सोडत न्हाय ओ. मी लई वर्षं बघतोय."

"तुम्ही बघता ते वेगळं, मी बघतो ते वेगळं. मी आजवर कशानंही जागेला खिळलेलो नाही. जा आता."

मागून दोघाचौघांनी "शू शू" केलं. सिद्रामनं एकदा खुर्चीकडं बघितलं, एकदा त्या क्रीम पॅन्टकडं बघितलं. "व्हय, बसा मग," म्हणाला आणि मखमल मांडीवर घेऊन पायरीवर जाऊन बसला.

गोपाळरावांच्या बरोब्बर मागं त्यांच्या ओळखीचे टॉवेलचे व्यापारी चन्नवीर आणि त्यांच्या पत्नी शांतम्मा बसले होते. शांतम्मांना समोरच्या उंच खुर्चीमुळं स्टेज निम्मंच दिसत होतं, पण पाटी पूर्ण दिसत होती.

"अहो, काय लिवलंय बघा की."

चन्नवीरांनी वाचलं, "बसू नये." मग बाजूनं वाकून खुर्चीवरच्या डोक्याचं टक्कल ओळखलं. "अगं, हे होटगीकर. पेपरात लिवणारे."

"मग पाटी कशाला लावलीय?"

"कशाला म्हणजे? नाटकात दम नाही म्हणून. आता पेपरापर्यंत थांबत नाहीत, जागेवरच निकाल देतात."

ही बातमी तिसऱ्या रांगेत गेली तेव्हा 'होटगीकर म्हणतात बसू नका' अशी होती. सातव्या रांगेत 'मध्यंतराला सगळे उठणार आहेत' अशी झाली. शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत तिकिटाचे पैसेही परत मिळू लागले होते. पहिला अंक संपला आणि दिवे लागले, तशी माणसं पिशव्या, पोरं, चपला गोळा करून दाराकडं निघाली. श्रावणीनं डोक्यावर पांढऱ्या केसांचा विग बसवून पडद्याच्या फटीतून बाहेर बघितलं. हॉल रिकामा होत होता. आजवर निदान एकटे अप्पा उठायचे. आज अप्पांच्या मागोमाग सगळं गाव निघालं, असं तिला वाटलं.

पण अप्पा निघाले नव्हते.

म्हणजे निघाले होते, पोचले नव्हते. दिवे लागताक्षणी त्यांनी सवयीनं सिंहांच्या डोक्यावर हात टेकले आणि उठले. खुर्ची जागची हलली नाही. पॅन्टही हलली नाही. गोपाळराव तेवढे पॅन्टच्या आतल्या आत थोडे वर आले आणि परत खाली बसले. त्यांनी पुन्हा जोर लावला. कुठंतरी एक शिवण बोलली. मग ते स्वस्थ बसले, कारण शिवण आणखी काही बोलू नये असं त्यांना वाटत होतं.

चन्नवीर दारापर्यंत पोचले होते. त्यांनी सहज मागं वळून बघितलं आणि ते थबकले.

"अगं, ते उठले नाहीत."

"कोण?"

"होटगीकर. मध्यंतर झालं तरी बसलेत."

दारातली माणसं थांबली. बाहेर गेलेली वाकून बघायला लागली. सोलापुरात पाऊस अवेळी पडलेला लोकांनी बघितला होता, पण होटगीकर मध्यंतरानंतर खुर्चीत बसलेले कुणी बघितले नव्हते.

"तब्येत बरी नाही का काय?" कुणीतरी म्हणालं.

"तब्येतीला काय झालंय?" शांतम्मा म्हणाल्या. त्यांच्या डोक्यात एव्हाना लख्ख उजेड पडला होता. "दुसऱ्याला बसू नये म्हणायचं आणि आपण बसायचं. आपल्याला सगळ्यांना घालवून एकटाच बघणार हा. आत लई चांगलं असणार काहीतरी."

"तसं असेल का?"

"वीस वर्षं हा चांगलं म्हणाला ते तुम्हाला आवडलं का कधी? मग वाईट म्हणतोय ते सोडून का चाललाय? कुंद्री," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि हाताला धरून त्याला खुर्चीत बसवलंसुद्धा. शांतम्मा माहेरच्या कानडीत बोलल्या की चन्नवीर वाद घालत नसत.

बघता बघता माणसं परतली. भजी खायला गेलेले हातात बशी घेऊन आत आले. पलीकडच्या हॉलमधल्या साखरपुड्याचे पाहुणेही 'काय झालं' म्हणत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. तिसरी घंटा झाली तेव्हा मंगल कार्यालयात मुंगीला शिरायला जागा नव्हती.

गोपाळरावांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं, की आयुष्यात पहिल्यांदा ते दुसऱ्या अंकाला बसले होते आणि त्यात त्यांच्या इच्छेचा काडीचाही संबंध नव्हता. त्यात सोल्युशनच्या वासानं डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "मध्यंतरातच रडायला लागलेत," असं मागं शांतम्मा म्हणाल्या आणि त्यांनीही पदर हातात घेऊन ठेवला.

पडदा उघडला. नळ तोच, रांग गेलेली. काठी टेकत एक म्हातारी आली, रिकामी घागर नळाखाली ठेवून जमिनीवर बसली. गोपाळरावांना ती कोण हे क्षणभर कळलंच नाही. चालताना डावा पाय जरा ओढायची लकब, कपाळावर आडवा हात धरायची पद्धत, हे सगळं त्यांनी घरात रोज बघितलं होतं, पण फार वर्षांपूर्वी. ही त्यांची आई होती. श्रावणी चार-पाच वर्षांची असताना ती गेली. पोरीनं एवढं सगळं कधी टिपून ठेवलं होतं कुणास ठाऊक.

नळानं खाकरल्यासारखा आवाज केला. म्हातारी त्याच्याकडं बघून हसली.

"आलास व्हय?" ती म्हणाली. "ये. तुझं हे असंच. वाट बघून बघून डोळं दुखत्यात, तवा कुटं येतोस. आन् आलास की निघालासच. घागर बी भरू देत न्हाईस. मी काय लई मागत न्हाई बाबा. जरा बस. भरंस्तवर बस."

हॉलमध्ये कुणी खोकलंही नाही. ती नळाशी बोलत होती हे सगळ्यांना कळत होतं. गोपाळरावांना तेवढं कळत नव्हतं. आता डोळ्यांतून जे पाणी येत होतं ते सोल्युशनचं नव्हतं. पोर एवढं सुंदर काम करते आणि आपण इतकी वर्षं सात रस्त्यावर भजी खात बसलो, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. त्या घडीला फळीवर सोल्युशन नसतं, तरी ते उठले नसते. हे त्यांनी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. कुणाचाही विश्वास बसला नाही.

आणि नेमका तेव्हाच खालून आवाज आला, गुर्रर्र.

मोबाइल मागच्या खिशात होता. खिसा फळीला चिकटलेला होता. फळी पोकळ होती, त्यामुळं नुसतं थरथरणंसुद्धा नगाऱ्यासारखं वाजत होतं. गोपाळरावांना एकदम आठवलं. दिपक! आपण दुसऱ्या अंकाला बसलोय हे त्याच्या कानावर गेलं असणार, म्हणून आज तोच विचारतोय. आता फोन उचलला नाही, तर पान जाणार. 'मात्र दुसऱ्या अंकात नाटक ढेपाळतं.' उद्या सकाळी हे श्रावणी वाचणार.

त्यांनी हात मागं नेला. बोटं खिशाच्या तोंडापर्यंत गेली आणि तिथंच चिकटली. कशीबशी सोडवून त्यांनी खुर्चीच्या बाजूनं मान मागं वळवली.

"चन्नवीर, फोन द्या तुमचा. लवकर."

चन्नवीरांनी फोन दिला. गोपाळराव त्याच्याकडं बघत राहिले. मग फोन परत करत हळूच म्हणाले, "दिपकचा नंबर काय हो?"

"कुठला दिपक?"

हल्ली माणसाला स्वतःचा नंबर पाठ नसतो, दिपकचा कुठून असणार? खालचा आवाज थोडा वेळ वाजला आणि थांबला. चन्नवीर बायकोला म्हणाले, "कुठला तरी दिपक आठवला बघ त्यांना. लई हळवे झालेत."

नाटक संपलं. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता, एकटे गोपाळराव बसून वाजवत होते. श्रावणी विग हातात घेऊन स्टेजवरून धावतच खाली आली. रंगवलेल्या सुरकुत्यांमधून तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"अप्पा, तुम्ही बसलात?"

"बसलो."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"माझ्यासाठी?"

गोपाळरावांनी इकडंतिकडं बघितलं. सिद्राम लांब होता.

"मग कुणासाठी?" ते म्हणाले.

तिनं वाकून नमस्कार केला. तिला मंडळींबरोबर जेवायला जायचं होतं. "तुम्ही येताय?"

"तू हो पुढं," गोपाळराव म्हणाले. "मला अजून उठवत नाहीये."

हे मात्र अगदी खरं होतं. डोळे पुसत ती गेली.

हॉल रिकामा झाल्यावर सिद्राम आला. "मी सांगत हुतो की ओ सायेब, लई घट्ट धरतंय म्हणून." पुढचं फार वर्णन करण्यात अर्थ नाही. गोपाळराव खुर्चीतून सुटले. पॅन्ट सुटली नाही. नवरदेवाच्या खुर्चीसाठी कापलेली लाल मखमल लुंगीसारखी नेसून ते उभे राहिले. सुरीनं मागचा खिसा कापून सिद्रामनं फोन काढून दिला. दिपक म्हणाला, "पान गेलं सर. तुम्ही दुसऱ्या अंकाला बसलात असं कळलं, नवल म्हणून मीच फोन केला होता. तुमचा आला नाही तर सोडायचं, हा तुमचाच नियम की."

रिक्षातून उतरून ते मखमल सावरत घरात शिरले. शकुंतलाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काय हो, नाटकात काम मिळालं का?"

गोपाळराव तसेच मोरीत गेले.

सकाळी श्रावणी चहा घेत पेपर वाचत होती. गोपाळरावांनी पेपर लपवायचा विचार केला होता, पण तोवर तो तिच्या फोनवर चार जणांकडून आला होता. तिनं शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. मग पेपराची नीट घडी घातली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"ढेपाळतं, तर बसलात कशाला अप्पा?" ती म्हणाली.

वीस वर्षांत पहिल्यांदा गोपाळरावांचा आवाज खाली आला. "मी ते दुपारी लिहिलं होतं गं."

"दुपारी? नाटक संध्याकाळी होतं."

"अनुभवावरून लिहिलं."

"आधीची परीक्षणंपण?"

"तीपण." त्यांनी कप खाली ठेवला. "पण काल मी बघितलं श्रावणी. 'आलास व्हय' म्हणालीस ना, तेव्हा माझी आई समोर बसली होती. मी पुष्कळ नाटकं बघितली पोरी, म्हणजे निम्मी बघितली. पण असं काम नाही बघितलं. मला लाज वाटली, आणि अभिमान पण वाटला. दोन्ही एकदम."

श्रावणीचे डोळे भरून आले. "म्हणजे नाटक आवडलं म्हणून बसलात?"

"दुसरं काय कारण असणार?"

दारावर थाप पडली. बाहेर सिद्राम उभा होता. त्याच्या एका हातात डबा होता आणि दुसऱ्या हातात आजच्याच 'सीनातीर'मध्ये गुंडाळलेलं एक बोचकं.

"सायेब, सुटली बघा तुमची प्यांट," तो आनंदानं म्हणाला. "फकस्त बूड तेवढं खुर्चीलाच राह्यलं. सोल्युशन फासल्यावर बसू नये म्हणून पाटी लावली हुती की मी. तुमीच ती उचलून मोरावर टांगलासा."

श्रावणीनं अप्पांकडं बघितलं. मग स्वयंपाकघरातून शकुंतलाबाईंच्या हसण्याचा आवाज आला आणि थांबेचना. श्रावणीनं पॅन्ट उचलून उजेडात धरली. मागं जिथं कापड असायला हवं होतं, तिथून तिला अप्पांचा चेहरा दिसला. मग तिलाही राहवलं नाही. हसता हसता ती जमिनीवरच बसली.

एवढ्यात गोपाळरावांचा फोन वाजला. सोल्युशनचे धागे अजून निघाले नव्हते, म्हणून त्यांनी तो लांबच धरला. चन्नवीर होते.

"सायेब, वाचलं तुमचं. ढेपाळतं लिवलंय. मी लगेच करमाळ्याच्या साडूला फोन केला, रविवारी तुमच्याकडं प्रयोग आहे, काम सोडून बघ म्हणालो. तुम्ही असंच लिवत जावा. लोकांना बरोबर कळतंय."

गोपाळरावांनी फोन ठेवला. थोडा वेळ ते पायाकडं बघत उभे राहिले. पण समीक्षक होते ते. फार वेळ खाली बघायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी ताठ होऊन मुलीकडं बघितलं.

"करमाळ्याला मी येणार," ते म्हणाले. "तिकीट काढून येणार. पहिल्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत माझ्या मर्जीनं बसणार. आणि बघितल्यावरच लिहिणार."

"नक्की?"

"समीक्षकाचा शब्द आहे."

श्रावणीनं डोळे पुसले. तिला फार बरं वाटलं होतं, हे तिच्या तोंडावरच दिसत होतं. मग तिचं लक्ष सिद्रामच्या हातातल्या डब्याकडं गेलं.

"सिद्राममामा, सोल्युशन किती उरलंय?"

"अर्धा डबा हाय की."

"द्या इकडं," ती म्हणाली, आणि तिनं तो करमाळ्याच्या सामानात, विगशेजारी ठेवला. झाकण घट्ट आहे ना, ते शकुंतलाबाईंनी येऊन बघितलं.